संकेतस्थळावरील छायाचित्रांची उचलेगिरी: कुलूप लावता येते का?

तरफेची_तार (मिरज)

नमस्कार मंडळी. मिरजेत माझ्या मामांचा सतारी आणि तानपुरे घडवण्याचा कारखाना आहे आणि त्यांचे संकेतस्थळ मी सांभाळतो. मध्यंतरी सांगलीच्या एका व्यावसायिक छायाचित्रकाराला पैसे देऊन आम्ही प्रत्येक वाद्याची छायाचित्रे काढून घेतली. भोपळ्याचा पोत, तबलीच्या कडेचे नक्षीकाम, घोडीवर जवारी काढणारे (तारा टेकतात ती पट्टी घासून नाद जुळवणारे) मामांचे हात, हे सारे त्यांत फार सुंदर उतरले आहे.

हीच छायाचित्रे आता परराज्यातील एका विक्रेत्याच्या पानावर, आमचे नाव खालून कापून, जशीच्या तशी लावलेली आढळली. केवळ छायाचित्रे गेली असती तर मामांनी कपाळाला हात लावून विषय सोडून दिला असता. परंतु त्या विक्रेत्याकडून एका गृहस्थांनी तानपुरा मागवला, हाती भलताच तानपुरा पडला, आणि चित्रात ओळखीचे काम दिसल्यामुळे तक्रारीचा फोन मामांना आला. मामांचे म्हणणे सरळ आहे की दुकानाला कुलूप लावतो तसे या चित्रांना का लावता येत नाही? संकेतस्थळ बनवून देणारा मुलगा म्हणतो की राइट क्लिक बंद करणारे एक प्लगिन वार्षिक वर्गणी भरून बसवून देतो. ते घ्यावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भोचक

मोबाइलची दोन बटणे एकदम दाबली की कोणतेही कुलूप उघडते, ही बातमी मामांना कोणीतरी बेताने सांगायला हवी.

कृष्णाकाठ (सांगली)

वर्गणी भरू नका. राइट क्लिक बंद करणे म्हणजे जावास्क्रिप्टच्या दोन ओळी आहेत आणि त्या फुकट मिळतात. पण मुळात त्या कशासाठी लिहायच्या, हे आधी समजून घ्या.

एखादे पान उघडल्यावर त्यावरचे चित्र वाचकाला दिसते, त्याअर्थी त्या चित्राची संपूर्ण फाइल तुमच्या सर्व्हरने त्याच्या यंत्रावर आधीच पाठवलेली असते आणि ब्राउझरच्या कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ती पडलेली असते. राइट क्लिकने मिळणारी यादी बंद केली, तरी फाइल तिथेच राहते. ज्याला ती हवी आहे तो जावास्क्रिप्ट बंद करील, किंवा ब्राउझरमध्येच असलेल्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्कच्या यादीतून चित्राचा पत्ता उचलील, किंवा सरळ स्क्रीनशॉट घेईल. चित्रावर पारदर्शक चित्राचा थर टाकणे, सीएसएसमधून (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेतून) चित्र पार्श्वभूमी म्हणून लावणे, एका चित्राचे तुकडे करून पानावर जोडणे, हे सगळे प्रकार मी ग्राहकांच्या आग्रहावरून करून पाहिलेले आहेत. स्क्रीनशॉटपुढे यांतला एकही टिकत नाही. शिवाय तुकड्यांच्या प्रकारात पान मंदावते आणि शोधयंत्रांना चित्र सापडत नाही ते वेगळेच.

ज्याचा खरोखर उपयोग होतो अशी एक गोष्ट म्हणजे हॉटलिंकिंग रोखणे. काही जण तुमचे चित्र उतरवूनही घेत नाहीत. आपल्या पानावर तुमच्याच सर्व्हरचा पत्ता देतात, म्हणजे चित्र दिसते त्यांच्या पानावर आणि बँडविड्थ खर्च होते तुमची. ब्राउझर चित्र मागताना ते कोणत्या पानावरून मागितले आहे हे बहुधा रेफरर नावाच्या नोंदीतून कळवतो. परक्या पानाचा रेफरर आला तर चित्र देऊ नये, असा नियम अपाचे सर्व्हरवर एचटीअ‍ॅक्सेस या नियमांच्या फाइलमध्ये लिहिता येतो. क्लाउडफ्लेअर ही सर्व्हर आणि वाचक यांच्या मधली सेवा वापरत असाल तर तिथे ही सोय एका बटणावर आहे. मात्र ज्यांचा रेफरर रिकामा येतो त्यांना अडवू नका आणि शोधयंत्रे व व्हॉट्सअ‍ॅपची पूर्वदृश्ये यांना मोकळीक ठेवा, नाहीतर मामांची लिंक कोणी पाठवली की तिथे रिकामा चौकोन दिसेल.

तेव्हा पहिला प्रश्न तुम्हालाच. त्या विक्रेत्याने फाइल उतरवून घेतली आहे की तुमचाच पत्ता जोडला आहे?

तरफेची_तार

तपासले. फाइल उतरवून घेतली आहे आणि आमच्या नावाची खालची पट्टी कापल्यामुळे चित्राची उंची थोडी कमी झाली आहे. म्हणजे हॉटलिंकिंगचा उपाय या प्रकरणात लागू नाही, तरी पुढच्यासाठी करून ठेवतो.

माहुली (सातारा)

कृष्णाकाठ यांच्या तांत्रिक विवेचनाशी सहमत असूनही निष्कर्षाशी सहमत नाही. मी साताऱ्यात लग्नाची आणि वास्तूंची छायाचित्रे काढतो आणि माझ्या ऑनलाइन दालनात राइट क्लिक बंदच आहे. तिथे बंदी आहे हे दिसले की सहज उचलणारा माणूस थबकतो आणि निदान विचारतो तरी. उचलणाऱ्यांतले बहुतेक लोक डेव्हलपर टूल्स उघडणारे नसतात. वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी अजिंक्यताऱ्याचा एखादा सूर्योदय हवा असलेले ते साधे लोक असतात. गूगलनेसुद्धा फेब्रुवारी २०१८ मध्ये, गेटी इमेजेसशी करार झाल्यानंतर, प्रतिमाशोधातले थेट चित्र उघडणारे बटण काढून टाकले होते. चित्र त्यानंतरही उतरवता येत होतेच, पण वाटेत एक पायरी वाढली. अशा एकेका पायरीचे मोल व्यवसायात असते.

कृष्णाकाठ

माहुली, आपल्या दालनात लोक केवळ चित्रे पाहायला येतात. मामांच्या पानावर लोक खरेदीसाठी येतात. तिथे राइट क्लिक बंद केले की दुसरे वाद्य नव्या टॅबमध्ये उघडून शेजारी ठेवणे, पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक निवडून घेणे, मजकुराचे भाषांतर करून पाहणे, हे सारे प्रामाणिक ग्राहकाला अवघड होते. परदेशातला विद्यार्थी तानपुरा निवडताना नेमके हेच करत असतो. चोराला दहा सेकंदांचा त्रास व्हावा म्हणून गिऱ्हाइकाला रोजचा त्रास देणे मला पटत नाही.

बोर्डवाले_काका (कराड)

या धाग्यावर दुसऱ्या बाजूचा माणूस म्हणून लिहितो. माझा फ्लेक्स छपाईचा व्यवसाय आहे. ग्राहक येतो, मोबाइल पुढे करतो आणि सांगतो, ‘हा फोटो घ्या, मागे किल्ला टाका, वर साहेबांचे मुंडके घ्या, संध्याकाळी मिरवणूक आहे.’ तो किल्ल्याचा फोटो कोणाचा, हे त्यालाही ठाऊक नसते, कारण तो त्याला एखाद्या गटावर आलेला असतो. मी विचारायला गेलो तर तो शेजारच्या दुकानात जातो. हे समर्थन म्हणून सांगत नसून चित्र प्रत्यक्षात कोणत्या वाटेने फिरते ते कळावे म्हणून सांगतो आहे.

चित्र लहान आकारात टाका म्हणजे छापता येणार नाही, असा सल्ला अशा चर्चेत हमखास दिला जातो, म्हणून हेही आताच सांगून ठेवतो. पुस्तकासाठी किंवा दिनदर्शिकेसाठी तो खरा आहे. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले, तर ए-४ आकाराच्या पानाला सुमारे ३५०८ बाय २४८० पिक्सेल लागतात. १२०० पिक्सेलचे चित्र त्या हिशेबाने अवघे चार इंच रुंद छापले जाईल. फ्लेक्सला मात्र हे गणित लागू होत नाही. दहा फुटी फलकावर तेच १२०० पिक्सेलचे चित्र पसरले की इंचाला दहाच पिक्सेल पडतात, जवळून पाहिले तर चौकोन दिसतात, पण रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्याला किल्ला किल्लाच दिसतो.

भोचक

काका, साहेबांचे मुंडके तरी मूळ फाइलमधून घेता ना?

बोर्डवाले_काका

ते कार्यकर्ते पेनड्राइव्हमध्ये घेऊनच येतात. त्याचे रिझोल्यूशन कधीही कमी नसते.

चारभिंती (सातारा)

मी कास पठारावरची आणि आसपासच्या सड्यांवरची फुले टिपते. माझी छायाचित्रे नाव पुसून इतकी फिरली आहेत की सप्टेंबर उजाडला की माझेच टोपली कारवीचे चित्र मला कोणीतरी ‘या सुंदर निसर्गाचा आनंद घ्या’ म्हणून पाठवते. काकांनी सांगितलेली वाट मला चांगलीच ओळखीची आहे.

वॉटरमार्क, म्हणजे चित्रावर उमटवलेले नाव, कोठे ठेवावा, याबद्दल थोडे लिहिते. कोपऱ्यातले नाव कापले जाते, हे धागाकर्त्यांच्या उदाहरणातही दिसते. मध्यभागी आडवे मोठे नाव टाकले तर फुलाऐवजी नावच दिसते आणि आपल्याच कामाचा अपमान केल्यासारखे वाटते. शिवाय प्रत्येक चित्रावर तेच नाव, त्याच जागी, त्याच पारदर्शकतेने टाकण्यात वेगळाच धोका आहे. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिले की एकच वॉटरमार्क असलेली पुष्कळ चित्रे एकत्र मिळाली, तर त्यांची तुलना करून संगणक तो वॉटरमार्क शोधून काढू शकतो आणि प्रत्येक चित्रावरून अलगद उतरवू शकतो. त्यांनीच सुचवलेला उतारा असा की प्रत्येक चित्रावर वॉटरमार्कचा आकार किंचित वाकवून बदलावा. आता तर एकट्या चित्रावरचे नाव पुसणारी साधनेही सर्रास मिळतात, तरीसुद्धा विषयाच्या कडेला लागून, पाकळी आणि पार्श्वभूमी या दोन्हींवर थोडे थोडे येईल असे लहान नाव पुसताना कारागिरी करावी लागते, आणि आळशी माणूस तिथे दुसरे चित्र शोधतो.

दुसरी गोष्ट मेटाडेटाची, म्हणजे फाइलमध्ये चित्राबरोबर साठवलेल्या माहितीची. कॅमेरा चित्राच्या फाइलमध्ये एक्झिफ नोंदी लिहितो आणि आपण स्वतः आयपीटीसी या ठरावीक पद्धतीच्या रकान्यांत छायाचित्रकाराचे नाव, हक्काची सूचना आणि परवानगीसाठीचा पत्ता भरू शकतो. हे रकाने भरलेले असतील तर २०२० पासून गूगल प्रतिमाशोधात चित्राखाली परवान्याची खूण आणि दुवाही दिसू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून पाठवले की या नोंदी गळून जातात, दस्तऐवज म्हणून पाठवले तर राहतात. म्हणून भरून ठेवणे इष्ट, पण त्यावर विसंबणे नको.

एक रकाना मात्र मी आवर्जून रिकामा करते आणि तो म्हणजे जीपीएसचा. कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतीचे चित्र अक्षांश-रेखांशांसह प्रसिद्ध केले की पुढच्या रविवारी तिथे तुडवलेले गवत आणि उपटलेला कंद पाहायला मिळू शकतो. नाव चोरीला गेले तर माझे नुकसान होते; जागा उघड झाली तर त्या झाडाचे होते.

आयर्विन (सांगली)

सर्वांचे वाचून झाल्यावर विरोधी मत नोंदवावेसे वाटते. आपण ज्याला चोरी म्हणत आहोत ती बहुतांशी प्रसिद्धी आहे. कासच्या फुलांची छायाचित्रे हातोहात फिरली नसती तर २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेल्यानंतर कासचे नाव घरोघरी पोहोचले असते का? मिरजेच्या तानपुऱ्याचे चित्र दहा ठिकाणी दिसले तर शेवटी मिरजेचेच नाव होते. मी निवृत्त शिक्षक आहे. वर्गात दाखवण्यासाठी कित्येक चित्रे घेत आलो आणि त्याबद्दल मला यत्किंचितही अपराधी वाटत नाही. ज्यांना एवढी काळजी आहे त्यांनी चित्रे पेटीत ठेवावीत.

चारभिंती

सर, प्रसिद्धी कासची झाली हे मान्य आहे, आणि त्या प्रसिद्धीपायी पठाराला कुंपण घालण्याची व माणसे मोजून सोडण्याची वेळ आली हेही आपण पाहिले आहे. वर्गात दाखवण्याला माझी कधीच हरकत नव्हती आणि कायद्याचीही नसावी. इथले मुद्रांक वकील आहेत, त्यांनी त्यावर लिहावे. माझी हरकत आहे ती पर्यटन निवासाच्या जाहिरातीला. तो निवास माझ्या फुलांवर खोल्या विकतो आणि मला दिवाळीचा शुभेच्छासंदेशही पाठवत नाही.

तरफेची_तार

आयर्विन सर, आपले म्हणणे आमच्या बाबतीत नेमके उलटे पडते. ‘मिरज’ हे नाव त्या विक्रेत्याने ठेवले आहे, काढले आहे ते कारागिराचे नाव. त्याच्या वाद्याचा भोपळा कोठला आणि जवारी कोणी काढली हे कोणास ठाऊक नाही, आणि दोष मात्र मिरजेच्या कारागिराच्या पदरात पडतो.

आणखी एक गंमत काल लक्षात आली. त्याने एका सतारीचे चित्र आडवे उलटवून लावले आहे, बहुधा शोधात सापडू नये म्हणून. आरशात पाहिल्याप्रमाणे तरफांच्या (मुख्य तारांखालच्या बारीक तारांच्या) खुंट्या भलत्याच बाजूला गेल्या आहेत. मामा ते पाहून इतके हसले की राग थोडा ओसरला. म्हणाले, ‘डावखुऱ्या गिऱ्हाइकासाठी केलेली दिसते, दर जास्त लावला असेल.’

मुद्रांक (सांगली)

मी वकिली करतो. खालील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणून घ्यावा. प्रकरणाचे कागद पाहिल्यावाचून दिलेला सल्ला हा सल्ला नव्हे.

प्रथम मालकीविषयी, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. कॉपीराइट कायदा, १९५७ अन्वये छायाचित्र ही कलाकृती आहे आणि सामान्यतः ती काढणारा हाच पहिला मालक असतो. परंतु कलम १७ मध्ये अपवाद आहे: एखाद्याच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास सांगणारा पहिला मालक ठरतो. त्यामुळे आपण पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रांचे मालक प्रथमदर्शनी मामा आहेत. छायाचित्रकाराच्या पावतीवर किंवा संदेशात ‘हक्क माझ्याकडे’ असे काही लिहिलेले नाही ना, एवढे पाहून घ्या आणि त्याच्याकडून चार ओळींचे पत्र घेऊन ठेवा. माहुली यांनीही ग्राहकांशी होणाऱ्या करारात हा मुद्दा स्पष्ट करावा, कारण लग्नाच्या छायाचित्रांबाबत हेच कलम त्यांच्या विरुद्ध जाते.

हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. छायाचित्र काढले त्या क्षणी हक्क निर्माण होतो. तरीही नोंदणी केल्यास नोंदवहीतील उतारा न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालतो. सर्व चित्रांची नोंदणी करत बसण्यापेक्षा ज्यांच्यावर व्यवसाय उभा आहे अशी मोजकी निवडावीत.

आता प्रत्यक्ष उपाय. न्यायालयाची पायरी ही शेवटची. आधी ज्या मंचावर किंवा होस्टिंग कंपनीकडे ते पान आहे तिला लेखी तक्रार द्या. कलम ५२(१)(ग) आणि २०१३ च्या नियमांप्रमाणे, योग्य तपशिलासह तक्रार मिळाल्यावर मध्यस्थाने, म्हणजे त्या मंचाने किंवा कंपनीने, ३६ तासांत तो मजकूर पोहोचण्याजोगा राहणार नाही अशी व्यवस्था करायची असते आणि ती २१ दिवस टिकते. त्या मुदतीत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मध्यस्थ ते पुन्हा खुले करू शकतो. होस्टिंग कंपनी अमेरिकी असेल तर तिथल्या १९९८ च्या डीएमसीए कायद्याखाली सूचना पाठवता येते आणि त्यासाठी वकिलाचीही गरज नसते; बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर त्याचा अर्ज असतो.

त्यापुढे कलम ५५ खाली मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागता येते. कलम ६२ मुळे वादी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे विक्रेता परराज्यात असला तरी सांगलीत दाद मागता येण्यास वाव आहे. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेले उल्लंघन गुन्हा असून सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड आहे. नाव कापण्याविषयी तर २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ब आले. हक्कधारकाची माहिती अनधिकाराने, जाणूनबुजून काढून टाकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड त्यात सांगितला आहे. म्हणून आपल्या नावाची पट्टी कापली गेली आहे, हा मुद्दा तक्रारीत ठळकपणे यावा.

आयर्विन सरांसाठी: शिक्षकाने शिकवण्याच्या ओघात केलेला वापर कलम ५२ च्या अपवादांत बसतो. आपण निश्चिंत असावे. शाळेच्या प्रवेशाच्या जाहिरातफलकावर तेच चित्र छापले तर मात्र तो अपवाद सोबत येत नाही.

आयर्विन

फलकाचे काम संस्थाचालकांकडे होते. मी निश्चिंत आहे.

हळदकांडी (तासगाव)

आमचा बेदाण्याचा व्यापार आहे. मुद्रांक साहेबांना उलट्या बाजूचा प्रश्न विचारतो. माझ्या एका व्यापारी मित्राचे संकेतस्थळ एका मुलाने बनवून दिले आणि त्यावर द्राक्षबागेची देखणी चित्रे कोठून तरी उचलून लावली. काही काळाने परदेशी चित्रसंस्थेच्या वतीने भरपाई मागणारे पत्र आले. मित्राचे म्हणणे की मला काहीच ठाऊक नव्हते, मुलाचे म्हणणे की गूगलवर होती. यात मित्राची जबाबदारी किती?

मुद्रांक

चित्र गूगलवर सापडले म्हणून ते कोणाचेच नाही, असे होत नाही. गूगल केवळ पत्ता दाखवते. त्या चित्रावर कॉपीराइट आहे याची कल्पना नव्हती आणि तसे मानण्यास वाजवी कारणही नव्हते, असे प्रतिवादीने सिद्ध केले, तर कलम ५५ च्या परंतुकानुसार नुकसानभरपाईचा भार टळू शकतो. मनाई हुकूम आणि त्या चित्रामुळे झालेल्या नफ्याचा हिशेब मात्र द्यावा लागू शकतो. पत्र खरोखर हक्कधारकाकडून आले आहे का, हे तपासावे, चित्र तत्काळ काढावे आणि उत्तर द्यावे. पत्राकडे दुर्लक्ष करू नये. संकेतस्थळ बनवून घेताना ‘सर्व चित्रांचे परवाने मी देईन’ असे एक वाक्य करारात घालून घ्यावे. स्वतःच्या बागेत मोबाइलने काढलेले साधे चित्र या सर्व कटकटीपेक्षा स्वस्त पडते.

जिज्ञासू_वाई

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या चित्रे गोळा करतात, त्यावर काही उपाय आहे का? माझी बहीण वाईच्या घाटाची जलरंगातली चित्रे काढते.

कृष्णाकाठ

रोबॉट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये जीपीटीबॉटसारख्या, पाने वाचून माहिती गोळा करणाऱ्या संग्राहकांची नावे लिहून त्यांना मनाई करता येते, पण ती विनंती आहे. पाळणारे पाळतात, इतरांना ती अडवत नाही. सर्व्हरवर किंवा सीडीएनवर (क्लाउडफ्लेअरसारख्या मधल्या सेवेवर) अडवणे त्याहून खात्रीचे. बहिणीच्या चित्रांना स्वतःची शैली असल्यामुळे शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दिलेले ग्लेझ हे मोफत साधन पाहावे. ते चित्रात डोळ्यांना फारसे न जाणवणारे बदल करून शैलीची नक्कल अवघड करते. ते अभेद्य आहे असा त्यांचाही दावा नाही आणि मामांच्या तानपुऱ्याच्या छायाचित्रांना त्याचा उपयोग नाही, कारण तिथे कोणी शैली उचलत नाही, वस्तूच उचलत आहे.

माहुली

मुद्रांक यांनी लग्नाच्या छायाचित्रांविषयी लिहिलेले वाचून माझ्या छापील करारनाम्यात आज नवे कलम घातले. त्याबद्दल आभार.

मूळ विषयाकडे येतो. तरफेची_तार, आपल्याकडे पुरावा भक्कम आहे, तो नीट जपून ठेवा. उचलणाऱ्याकडे एकच तयार चित्र असते. आपल्याकडे त्याच्या आधीची आणि नंतरची चित्रे असतात, प्रकाशाची जागा बदलतानाची, वाद्य किंचित हललेली, मामांचा हात अर्धवट आलेली. छायाचित्रकाराकडून मूळ रॉ फाइली (कॅमेऱ्याने टिपलेल्या, संस्कार न केलेल्या) मागून घ्या आणि निवडीत बाद झालेली चित्रेही पुसू देऊ नका. संकेतस्थळावर १२०० पिक्सेलचे असेल तर मूळ ६००० चे आपल्याजवळ असल्याचे दाखवणे हे फार बोलके असते.

दुसरे असे की पुढच्या वेळी छायाचित्र काढतानाच ओळख चौकटीत घाला. पांढऱ्या पडद्यापुढे ठेवलेली सतार कोणाचीही असू शकते. कारखान्यातच, मागे टांगलेले कच्चे भोपळे आणि भिंतीवरची हत्यारे दिसतील अशी, कारागिराच्या नावाची पट्टी कॅमेऱ्याकडे करून काढलेली सतार उचलली तरी पचत नाही. ते नाव पुसायचे तर लाकडाचा पोत नव्याने रंगवावा लागेल.

तरफेची_तार

माहुली, ही सूचना मामांना सर्वाधिक आवडली. भोपळ्याबद्दल आणखी एक सांगतो. आमच्याकडे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात आणि ते शेतात वाढलेले फळ असल्यामुळे दोन भोपळ्यांचा घेर, मानेचा बाक आणि सालीवरचे व्रण कधीच सारखे नसतात. त्या विक्रेत्याच्या पानावरील तानपुऱ्याच्या भोपळ्यावर डाव्या अंगाला जुना व्रण बुजवल्याची जागा दिसते. तो तानपुरा पुण्यातील ज्या ग्राहकाकडे आहे त्यांनी त्याच जागेचे जवळून काढलेले छायाचित्र आणि आमच्या पावतीची प्रत पाठवली आहे.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ‘मिरज’ हे नाव लावल्याबद्दल त्या आधारे वेगळी तक्रार करता येईल का?

मुद्रांक

मानांकन नावाचे रक्षण करते, छायाचित्राचे नव्हे. म्हणून दोन तक्रारी वेगळ्या ठेवा. वाद्य मिरजेत घडलेले नसताना ते मिरजेचे म्हणून विकले जात असेल, तर १९९९ च्या भौगोलिक उपदर्शन (म्हणजेच मानांकन) कायद्याखाली नोंदणीधारक संस्था आणि अधिकृत वापरकर्ते यांना कारवाई करता येते. मामा अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले आहेत का, ते आधी पाहा.

पुरावा जमवताना त्या पानाचे पत्त्यासह आणि दिनांकासह स्क्रीनशॉट आजच घ्या, तक्रार गेल्यावर पान नाहीसे होईल. असा इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ब कलमाखाली होत असे. मी वर उल्लेखिलेले ६५ब कॉपीराइट कायद्यातले आहे, तेव्हा तक्रार लिहिताना दोहोंची सरमिसळ करू नका. अशी सरमिसळ मी छापील नोटिशीत पाहिली आहे.

आणि धमकीची भाषा टाळा. निराधार धमकी दिल्यास कलम ६० खाली समोरचाच आपल्यावर दावा लावू शकतो. चित्र कोणते, आपले मूळ कोठे आहे, त्यांच्या पानाचा पत्ता काय आणि आपली मागणी काय, एवढे एका पानात मावते.

भोचक

म्हणजे शिव्यांचा मसुदा मामांकडून घ्यायचा नाही.

तरफेची_तार

मामांचा मसुदा तयारच होता, तो बाजूला ठेवला. मुद्रांक यांनी सांगितल्याप्रमाणे एका पानाची तक्रार मंचाकडे पाठवली, सोबत भोपळ्याच्या व्रणाची दोन्ही छायाचित्रे जोडली. तानपुऱ्यांची चित्रे त्या पानावरून काढली गेली आहेत. ती उलटवलेली सतार मात्र अद्याप तिथेच आहे. मंचाचे म्हणणे की दोन्ही चित्रे जुळत नाहीत. आता ती पुन्हा सुलटी करून, खुंट्यांची जागा दाखवून पाठवतो आहे.

प्लगिन घेतले नाही. संकेतस्थळावर चित्रे १२०० पिक्सेलचीच ठेवली, मेटाडेटा भरला, हॉटलिंकिंग बंद केले आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ‘हे वाद्य केवळ आमच्याकडे मिळते’ अशी ओळ व दूरध्वनी क्रमांक घातला.

एक शेवटची शंका. आमच्याकडे पणजोबांचे एका गायकासोबतचे जुने छायाचित्र आहे, १९५५ सालच्या स्मरणिकेत छापलेले. ते संकेतस्थळावर लावले तर त्यावर आमचा हक्क सांगता येईल का?

मुद्रांक

नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९५५ च्या चित्राची मुदत संपली की नाही, हे ते काढणारा छायाचित्रकार कधी वारला यावर ठरेल; संपली असेल तर आपण ते खुशाल लावा, आणि दुसऱ्या कोणी लावले तर या कायद्याखाली त्याला अडवता येणार नाही. मूळ प्रत घरातच असेल तर मोठे स्कॅन आपल्याजवळ ठेवा आणि संकेतस्थळावर लहान लावा. पुस्तकवाल्यांना मोठे हवे असेल तर त्यांना आपल्याकडेच यावे लागेल.

बोर्डवाले_काका

ते स्कॅन करायचे असेल तर कराडला या. आमच्याकडे मोठा स्कॅनर आहे आणि छायाचित्र कोणाचे, हे या वेळी मला आधीच ठाऊक असेल.